अर्ध्या भिंतीचं औषध

डास जिवंत होते.

माझ्या मेहुण्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी एक पारदर्शक प्लास्टिकची वाटी भिंतीवर उपडी चिकटवली होती. आत डास सोडलेले. भिंतीला डास मारण्याचं औषध फवारलेलं, फवारणारा खुद्द माझा मेहुणा, आणि ते डास त्याच भिंतीवर बसून आरामात पाय झाडत होते. एक तर भिंतीवरून वर चालत गेला आणि खाली आला, फेरफटका मारावा तसा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझी धाकटी बहीण तोंडावर हात ठेवून उभी होती. मेहुणा वाटीला नाक लावून वाकला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. भिंतीकडे बघून त्याला काही कळत नाहीये, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी सहसा हबकत नाही. विज्ञानाची पदवी घेतली, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी केली, नवरा गेला तेव्हाही सगळ्यांच्या चहाचं मीच बघितलं. पण त्या भिंतीपुढे माझी वाचा बसली. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

तर हा माणूस कोण, ते सांगते. हा रंगारी. घरं रंगवणारा, चित्रं काढणारा नव्हे. स्पष्ट एवढ्यासाठी करते की माझी आई शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगत असे, "जावई रंगकामात आहेत," आणि पुढचं ज्याने त्याने समजून घ्यावं. आमचंच घर रंगवायला तो आला होता. एका खोलीला एवढा वेळ का लागतो म्हणून वडील धुसफुसायचे. तो शांतपणे म्हणायचा, "साहेब, पहिला हात वाळू द्यावा लागतो." रंग वाळेपर्यंत तो आणि माझी बहीण काय करत होते, ते घर रंगवून झाल्यावर कळलं. घरात भूकंप झाला. मी तेव्हाही बहिणीच्या बाजूने होते, कारण भिंती मी नीट पाहिल्या होत्या. जो माणूस कपाटामागची भिंत तितक्याच मनाने रंगवतो, तो संसार वाऱ्यावर सोडणार नाही, असं मी वडिलांना सुनावलं.

त्या कपाटाचीही गोष्ट आहे. लग्नानंतर त्याने माझं घर रंगवलं. माझं पुस्तकांचं कपाट म्हणजे हत्ती. मी म्हटलं, "भावोजी, त्याच्यामागचं राहू द्या. कोण बघतंय?"

"कोणी नाही बघत, ताई."

"मग?"

"मला माहीत असतं ना!"

झालं. सगळी पुस्तकं जमिनीवर, कपाट खोलीच्या मधोमध, आणि मी आठवडाभर त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होते. नात्याने मी त्याची आकडसासू, बायकोची थोरली बहीण, दरारा माझा असायला हवा. पण भिंतीपुढे त्याला सासू, सासरा, देव, कोणी दिसत नसे. छतापासून फरशीपर्यंत एकसारखी. मध्ये जोड दिसता कामा नये. आणि दुसरा हट्ट पातळ रंगाचा. एकच जाड हात मारून मोकळं होणारे रंगारी त्याला डोळ्यांपुढे नकोत. "जाड हात म्हणजे आळशाचं काम. आधी पातळ अस्तर. भिंतीला ओळख पटू द्यायची. मग वरचे हात." भिंतीला ओळख पटू द्यायची म्हणे! मी हसायचे. आता हसू येत नाही.

पुढे वय झालं. एकदा शिडीवरून घसरला, कमरेला मार बसला. बहिणीने दुसऱ्याच दिवशी शिडी भंगारवाल्याला देऊन टाकली. "अहो, आता भिंती खालूनच बघा," म्हणाली. तो खरंच बघत बसायचा. बाकीचे म्हातारे टीव्ही बघतात, हा भिंत बघायचा.

घरात त्यांच्यासोबत त्यांची नात राहते. मुलगी आणि जावई कामापायी दुसऱ्या शहरात, पोरीची शाळा इथे. आम्ही तिला चिमणी म्हणतो, कारण ती गप्प बसत नाही. गेल्या वर्षी चिमणी गप्प बसली. डेंग्यू. रुग्णालयात तिच्या हाताला लावलेली सलाईनची नळी बघून माझा मेहुणा दाराबाहेर भिंतीला टेकला तो टेकलाच. पोरगी बरी झाली. घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं, "हा ताप एका प्रकारचा नसतो. आता दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त अवघड जाऊ शकतो. डासांपासून जपा."

मेहुण्याने एवढंच उचललं. मग घरात पाणी साठेल अशी एक वाटी शिल्लक राहिली नाही. फुलदाणी गेली, कुंड्यांखालच्या ताटल्या गेल्या, शेजाऱ्यांच्या गच्चीवरचे जुने टायर याने स्वतः खाली आणले आणि त्यावरून भांडण ओढवून घेतलं. पोर अंगणात खेळायला निघाली की पूर्ण बाह्यांचा शर्ट. "आजोबा, मला उकडतंय!" "उकडू दे."

अशात आमच्या भागात ती माणसं आली. संशोधन संस्थेची एक बाई, तिच्या हाताखालचा एक मुकादम आणि फवारणीचे पंप. बाईंनी सगळ्यांना शाळेच्या सभागृहात बोलावलं. मी पुढच्या रांगेत बसले, कारण मागून प्रश्न विचारलेला मला आवडत नाही.

मुद्दा सरळ होता. रस्त्यावर धूर सोडून हा डास मरत नाही. तो दिवसा चावतो आणि घरातच राहतो. पलंगाखाली, कपाटामागे, पडद्याच्या आड, लटकवलेल्या कपड्यांत, भिंतीच्या खालच्या भागात अंधार बघून टेकतो. मग तिथेच औषध लावून ठेवलं, तो टेकला की मरेल असं, तर शहरात ताप कमी होतो का? उत्तर कोणाला पक्कं ठाऊक नाही. म्हणून परीक्षा. भागातल्या निम्म्या गल्ल्यांत औषध फवारायचं, निम्म्यांत नाही, आणि नंतर दोन्हीकडचे तापाचे रुग्ण मोजायचे.

"आणि कोणाच्या गल्लीत फवारायचं, ते कोण ठरवणार?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून," बाई म्हणाल्या.

सभागृहात गलका झाला. आमचा जीव काय सोडतीत काढता, असं एकजण ओरडला. बाईंनी ओरडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आम्ही ठरवलं तर आपल्या ओळखीच्यांना आधी देऊ. मग काही सिद्ध होणार नाही." मला बाई आवडल्या. चिठ्ठीत माझी गल्ली कोरडी राहिली, मेहुण्याची आली. बहिणीने तिथेच माझा हात धरला. तिला रडू आलं. मेहुण्याला फवारणीची माणसं हवीत एवढंच ऐकू आलं होतं, आणि सभा संपायच्या आत तो मुकादमाशी बोलत होता.

शिडी लागत नाही, हे कळल्यावर बहिणीने परवानगी दिली.

शिकवणी झाली त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते. तो घास चिवडत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"खांद्यापर्यंतच मारायचं म्हणतात."

"काय?"

"भिंत. खांद्याच्या वर नाही. अर्धीच." अर्धीच हा शब्द त्याने असा काढला की जणू कोणी त्याला अर्धा शर्ट घालून बाहेर पाठवत होतं.

"अहो, डास खाली बसतो म्हणून," बहीण म्हणाली.

"बसत असेल. डासाला काय पट्टी घेऊन शिकवलंय? आज खाली बसला, उद्या वर बसेल." मग चिमणीकडे एकदा बघून म्हणाला, "वरची अर्धी उघडी ठेवायची, आणि पोर तिथे झोपणार."

"मुकादमाला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, काका, जेवढं सांगितलंय तेवढं करा."

"मग तेवढं करा," मी म्हटलं आणि भाजी मागितली. माझ्या लेखी तो विषय तिथे संपला. त्याच्या लेखी नाही, हे कोणाच्या बापाला कळणार होतं?

फवारणी सुरू झाली. पाठीला स्टीलची टाकी, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर जाड चष्मा. आदल्या दिवशी लोकांनी सामान मधे ओढून ठेवायचं, भांडीकुंडी आणि माणसं बाहेर, भिंत वाळेपर्यंत आत यायचं नाही. बाकीची फवारणारी जवान पोरं होती. त्यांच्या घरांत भिंतीवर खांद्यापर्यंत ओला पट्टा दिसायचा, कुठे ओघळ, कुठे राहिलेली जागा. लोक कुरकुरायचे. मेहुण्याच्या घरांत ओघळाचा मागमूस नाही. आणि तो पंपाची लांब दांडी वर करून छतापर्यंत मारतो, हे हां हां म्हणता पसरलं. "आमच्याकडे काकांनाच पाठवा," अशी मागणी येऊ लागली. शेजारची शिंपीण बहिणीला म्हणाली, "तुमच्या ह्यांनी कपाटामागेसुद्धा मारलं हो! दुसऱ्या पोराने तर आमच्या नणंदेकडे अर्धीच भिंत करून पोबारा केला." बहीण मला हे तिखटमीठ लावून सांगायची. तक्रारी थांबल्या म्हणून मुकादमही खांद्याची उंची विसरून खूष. पहिल्या आठवड्यात कोणाच्या भिंतींची तपासणी करायची हे ठरवताना म्हणाला, "काकांचं काय तपासायचं? पोरांचं बघा." आणि बाकीच्या पोरांना दम देताना म्हणायचा, "काकांकडून शिका जरा."

मग तापाचे दिवस आले. माझ्या कोरड्या गल्लीत रुग्ण निघाले, ते अपेक्षितच होतं. पण मेहुण्याच्या गल्लीतही निघाले. आधी एक, मग शिंपिणीचा मुलगा, मग तिच्या समोरच्या घरातली नवी सून. शिंपीण रुग्णालयातून आली ती सरळ बहिणीच्या दारात. "काय फवारलं हो? गुलाबपाणी?" भागात बोलणं सुरू झालं की हे औषधबिवध सगळं थोतांड आहे. बाई दोन्हीकडचे आकडे बघून गोंधळल्या. एकदा माझ्याकडे चहा घेताना मोकळेपणाने म्हणाल्या, "फरकच दिसत नाहीये. असंच राहिलं तर हे काम बंद करावं लागेल. इथेच नाही, सगळीकडे."

"भिंती तपासल्या का?" मी विचारलं.

"पोरांच्या तपासल्या. चांगल्या होत्या."

"आणि माझ्या मेहुण्याच्या?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या तपासू."

अशा रीतीने ती प्लास्टिकची वाटी त्याच्या भिंतीवर आली. बाईंनी प्रयोगशाळेत पाळलेले डास जाळीच्या पेल्यातून आणले होते. तोंडात नळी धरून त्यांनी ते हलकेच ओढून वाटीत फुंकले. तुलनेसाठी तशीच एक वाटी माझ्या घरातल्या औषध न लावलेल्या भिंतीवर लावली होती. माझे डास जगले, जगायलाच हवे होते. मेहुण्याच्या घरातले मरायला हवे होते. थोड्या वेळाने बाईंनी दोन्हीकडचे डास कागदी पेल्यांत घातले, साखरपाण्याचा बोळा ठेवला. काही औषधं सावकाश काम करतात, उद्यापर्यंत थांबू, म्हणाल्या. आम्ही थांबलो. मेहुणा त्या रात्री जेवला नाही, असं बहिणीने सकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या पेल्यातले डास साखरपाणी पिऊन फुगले होते. एखाददुसरा मेलेला, बाकी ठणठणीत. दोन्ही पेले शेजारी ठेवले तर कोणता कुठला, हे सांगता आलं नसतं.

मुकादमाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "काका, औषधाच्या पुड्या कुठे विकल्या?"

माझ्या बहिणीचा आवाज मी इतक्या वर्षांत एवढा चढलेला ऐकला नव्हता. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा! आमच्या दारात उभं राहून पुन्हा म्हणा!"

"मावशी, भिंतीवर औषध नाहीये. मग गेलं कुठे?"

"तुमच्याच पुड्यांत राख भरली असेल! घरात पोर आहे आमची. हे स्वतःच्या नातीच्या भिंतीवर पाणी मारतील?"

मेहुणा भांडला नाही. त्याने कोपऱ्यातला पंप उचलला, मुकादमाकडे बघितलं आणि म्हणाला, "चला अंगणात. कसं मारतो ते दाखवतो. सगळ्यांना बोलवा."

अंगणात फवारणीची पोरं जमली, शिंपीण आली, शेजारी आले. चिमणी सकाळपासून मरगळलेली होती म्हणून बहिणीने तिला पलंगावर निजवलं आणि ती स्वतः दारात उभी राहिली. बाई पायरीवर बसल्या, मी त्यांच्या शेजारी. मेहुण्याने रिकाम्या पुडीत पिठी भरून घेतली, औषधाच्या जागी. मग आतून आपली रंगाची जुनी बादली आणली. तिच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचे रंगाचे थर.

"टाकीत नाही मिसळत?" बाईंनी विचारलं.

"टाकीत गुठळ्या राहतात. बादलीत एकजीव होतं." तो वाकून काम करू लागला, आणि मला दिसलं, त्याच्या चेहऱ्यावर आता जरा बरं वाटत होतं. काम माहितीचं होतं. पुडी बादलीत ओतली. टाकीवर पाण्याची खूण असते, तेवढं पाणी घातलं. ढवळलं. मग पुन्हा टाकी नळाखाली भरली आणि तीही बादलीत ओतली.

मी बसल्या जागी ताठ झाले.

"हे दुसरं पाणी कशाला?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"पुडी एवढीच देता ना तुम्ही! अर्ध्या भिंतीची. मला पूर्ण करायची असते. मग पातळ करून पुरवतो." त्याने वर बघितलं, शाबासकीची वाट बघत असल्यासारखं. "जास्त जाड मारायचंच नसतं, बाई. आधी पातळ अस्तर. पुढच्या फेरीत वरचा हात."

 अंगणात नळ ठिबकत होता. पुढची फेरी कित्येक महिन्यांनी होती. अस्तर! त्याने अख्ख्या गल्लीला औषधाचं अस्तर मारून ठेवलं होतं आणि डासांना सांगितलं होतं, थांबा, वरचा हात यायचाय. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, पातळ केलेल्या औषधाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको. 

"काका," बाई म्हणाल्या, "रंग पातळ केला तर तो फिका दिसतो. दुसरा हात मारला की भरतो. हे औषध पातळ झालं की डास त्यावर बसतो आणि उडून जातो. ठरावीक जागेवर ठरावीक औषध हवं, नाहीतर काहीच नाही. ती भिंत आणि त्यांच्या घरातली कोरडी भिंत, डासाला सारखीच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

त्याला ते लगेच पोचलं नाही. त्याने बादलीत पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा बादलीत. "पण भिंत तर पूर्ण केली मी," म्हणाला.

आणि त्याच वेळी मागून फवारणीच्या पोरांपैकी एकजण चाचरत म्हणाला, "मुकादम... शेवटच्या गल्ल्यांत आम्हीपण तसंच केलंय. तुम्हीच म्हणालात ना, काकांकडून शिका."

मुकादम खालीच बसला. चिखलात, पँटसकट. शिंपीण हसत सुटली, भयानक हसू, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला मुलगा रुग्णालयात आहे, तेव्हा ती रडू लागली. बाईंनी डोळे मिटले. पोरांच्या भिंती पहिल्या आठवड्यात तपासल्या होत्या, तेव्हा त्या ठीक होत्या. बिघडल्या त्या नंतर, याचं कौतुक ऐकून ऐकून.

मेहुणा सावकाश उभा राहिला. आत गेला. मला वाटलं तोंड लपवायला गेला. पण दारातून बहिणीची किंकाळी आली आणि मी धावले, ज्या वयात धावू नये त्या वयात. तो पलंगापाशी उभा होता, चिमणीच्या कपाळावर हात ठेवून. हात त्याने उचलला नाही. फक्त म्हणाला, "ताई, हिचं अंग तापलंय."

मधलं लांबण लावून लोकांना ताटकळत ठेवण्याची मला चीड आहे, म्हणून सांगून टाकते, चिमणी वाचली. डेंग्यूच होता, दुसऱ्या प्रकारचा. डॉक्टरने जे सांगितलं होतं तेच झालं. हिरड्यांतून रक्त आलं, पोट फुगलं, तिची आई रात्रीची गाडी पकडून आली आणि वडिलांशी एक शब्द बोलली नाही. एका सकाळी डॉक्टर खोलीतून बाहेर येऊन नर्सशी घाईघाईने बोलू लागला, तेव्हा माझी बहीण माझ्या खांद्यावर कोसळली. मग हळूहळू ताप उतरला, आकडे सुधारले, पोरीने पाणी मागितलं. शिंपिणीचा मुलगाही सुटला. समोरच्या घरातली सून सुटली, पण तिचं पोटातलं बाळ राहिलं नाही. हे मी लिहिते आहे, कारण चिमणी वाचली म्हणून सगळं गोड झालं, असं कोणी समजू नये.

मेहुणा रुग्णालयात रोज यायचा, पण आत जायचा नाही. बाहेरच्या बाकावर बसायचा, समोरच्या भिंतीकडे पाठ करून. हे माझ्या लक्षात आलं आणि मला आतून हलवून गेलं. मी त्याच्याशी गोड बोलले नाही. मला ते येत नाही.

"भावोजी, तुम्ही चोर नाही. पण तुम्हाला एक काम सांगितलं आणि तुम्ही दुसरंच केलंत."

"हो."

"आता?"

"त्या सुनेच्या घरी जाऊन आलो."

मी चमकून पाहिलं. "एकटे?"

"तिच्या सासऱ्याने ढकलून काढलं. बरोबर केलं." मग म्हणाला, "बाकीच्या घरीही जाणार. जी जी भिंत मी केली, तिथे. त्यांना वाटतंय घर सुरक्षित आहे. कोणीतरी सांगायला हवं, नाही म्हणून."

आणि तो गेला. घरोघर. जिथे लोकांनी त्याला चहा पाजून छतापर्यंत मारून घेतलं होतं, तिथेच दारात उभा राहून सांगत होता, माझ्या हातून औषध पातळ झालं, घरात डास मरत नाहीत, जपा. काहींनी शिव्या घातल्या. काहींना मुद्दा कळेना, ते म्हणत, "पण काका, तुम्ही तर पूर्ण भिंत केली होती!" तेव्हा त्याचा चेहरा कसा होत असेल, त्याची मला कल्पना करवत नाही.

बाईंनी बिघडलेल्या सगळ्या गल्ल्या नव्याने फवारायचं ठरवलं. आधीचे आकडे बाद, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मेहुण्याला त्यांनी पंप पुन्हा दिला नाही. योग्य केलं. तो मागायलाही गेला नाही. पण एका संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचे मेहुणे एक विचारत होते. पोरं फवारायला यायच्या आधी घरांत जाऊन भिंतीवर रेघ मारून ठेवू का, म्हणे. खांद्याच्या उंचीवर."

"कसली रेघ?"

"इथपर्यंत. इथून वर नाही."

 ज्या माणसाने जन्मभर भिंतीत जोड दिसू दिला नाही, तो गल्लीतल्या प्रत्येक भिंतीच्या मधोमध स्वतःच्या हाताने रेघ ओढायला निघाला होता.

त्याच्या स्वतःच्या घराची पाळी आली त्या दिवशी मी होते. चिमणी घरी आलेली, काटकुळी, पण तोंड पूर्ववत सुरू. त्याने दोऱ्याला नीळ चोळली. एक टोक चिमणीच्या हातात दिलं, तिला स्टुलावर उभं केलं, दुसरं टोक स्वतः कोपऱ्यात धरलं. दोरा ताणला. मध्ये चिमटीत धरून सोडला. टण्! पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. त्याच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला, खोटं नाही सांगत. बहीण स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, बसा जरा." तो बसला नाही. चारी भिंती झाल्यावर अंगणात गेला आणि फवारणीचा पोरगा आत शिरला. यावेळी मुकादम दारातून हलला नाही, पुडी आणि पाणी त्याने डोळ्यांसमोर मोजून घेतलं.

भिंती वाळल्यावर बाईंनी पुन्हा वाटी लावली. तीच जागा, पलंगाच्या उशाशी, रेघेच्या खाली. नळीतून डास फुंकले. आम्ही सगळे बघत उभे. आधी ते बसले, पाय झाडले, अगदी मागच्यासारखे.  मग एक भिंतीवरून सुटला आणि वाटीच्या कडेला पाठीवर पडला. पाय वर, थरथरत. मग दुसरा. मेहुणा वाकला. 

"मेले?" त्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "असेच मरायला हवे होते."

तो पलंगाच्या कडेवर बसला. किती वेळ ते मला माहीत नाही, तो वाटीकडे बघत राहिला, आणि मग हळूहळू नजर वर गेली, निळ्या रेघेपर्यंत, आणि तिच्या वर जिथे काहीच नव्हतं तिथे.

चिमणी त्याच्या गुडघ्याला टेकली. "आजोबा, वरची अर्धी कधी करायची?"

"नाही करायची," तो म्हणाला. "ती तशीच राहणार."